व्हिसाची खिडकी आणि आम्ही दोघे

(मंडळाच्या जानेवारी २०२६ मधील संक्रांत स्नेहमेळाव्यात ज्येष्ठ सभासदांसाठी झालेल्या भाषणाचे शब्दांकन. अनेकांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)



 आज तिळगूळ घेऊन गोड बोलायचा दिवस. पण आपल्या कार्यवाहांनी मला जो विषय दिला आहे, त्यात गोड बोलून भागत नाही, खरे बोलावे लागते. विषय आहे, मुलांना भेटायला अमेरिकेला जाताना लागणारा व्हिजिटर व्हिसा.

आधीच सांगतो, मी एजंट नाही आणि वकीलही नाही. एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. तरीही आठवड्यातून एखादा तरी फोन येतो, "काका, आमचा फॉर्म जरा बघता का?" लोकांना वाटते मी या विषयातला जाणकार आहे. त्याचे खरे कारण असे की मी या परीक्षेत एकदा नापास झालो आहे. आणि नापास झालेल्या विद्यार्थ्याला पेपरातले प्रश्न पास झालेल्यापेक्षा जास्त पाठ असतात!

आज ती नापास होण्याची हकीकतच सांगणार आहे. आजवर आमच्या घराबाहेर ती पूर्ण कोणाला सांगितलेली नाही. आमची सौ. समोरच दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी काढूनच आलो आहे.

गोष्ट २०१६ सालची. आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एडिसनला राहतात. दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला, फेब्रुवारीत बाळ येणार. घरात आनंदी आनंद. पहिले बाळंतपण, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे ते आईनेच करायचे. जावयाच्या आईंना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा आम्हीच जायचे ठरले. सौ.ने त्याच आठवड्यात सोलापूरच्या भावजयीकडून डिंक आणि आळीव मागवून घेतले. पासपोर्ट होते, व्हिसा तेवढा राहिला होता.

आता आपल्या हैदराबादेत व्हिसाला दोन दारे आहेत. एक सरकारी, आणि दुसरे उस्मानसागरच्या काठाला चिलकूरच्या बालाजीचे. या देवाला सगळे 'व्हिसा बालाजी' म्हणतात हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मागणे मागताना अकरा प्रदक्षिणा आणि ते पूर्ण झाले की एकशे आठ, हा तिथला शिरस्ता. आम्हीही एका सकाळी जाऊन अकरा घातल्या. पुढेमागे सगळी पोरे, हातात पासपोर्ट. पंचवीस वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात साठी ओलांडलेले आम्ही दोघे!

देवाचे काम झाले, आता फॉर्मचे. तो फॉर्म कॉम्प्युटरवर भरावा लागतो, त्याला डीएस-१६० म्हणतात. मी आयुष्यभर आकडे भरले, पण इथे माझा धीर झाला नाही. ओळखीतल्या कोणीतरी एक एजंट सुचवला. त्यांचे नाव सांगत नाही, कारण आता मला दोष त्यांच्यापेक्षा माझा जास्त वाटतो. त्यांनी आमची माहिती ऐकली आणि म्हणाले, "साहेब, बाळंतपणाचे नाव काढू नका. मुलाला सांभाळायला जाताय म्हटले की रिजेक्ट. टुरिस्ट म्हणून लिहू. पंधरा दिवस. आणि खात्यात जरा रक्कम दाखवा, कोणाकडून तरी घेऊन भरा."

ते नोटाबंदीचे दिवस होते. आठ नोव्हेंबरनंतर स्वतःचे पैसे काढायला बँकेबाहेर रांगेत उभे राहावे लागे, तिथे दुसऱ्याचे कुठून आणणार? ते आम्ही केले नाही. पण फॉर्मवर 'पर्यटन, पंधरा दिवस, मुक्काम हॉटेलात' असे लिहू दिले. मी ते वाचले होते, आणि वाचून गप्प बसलो होतो. सौ. म्हणालीही, "अहो, लेकीच्या बाळंतपणाला कोणी पंधरा दिवस जातं का?" मी तिला म्हटले, "तुला यातलं कळत नाही. ते रोज हेच काम करतात."

मुलाखतीचा दिवस उगवला. अमेरिकेची कचेरी तेव्हा बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये होती. त्याच्याही आधी, म्हणजे २००९ मध्ये इथे व्हिसाचे काम सुरू होण्यापूर्वी, आपल्याला त्यासाठी चेन्नई गाठावी लागे. जुन्या मंडळींना ते रात्रीच्या गाडीचे प्रवास आठवत असतील. २०२३ पासून ती कचेरी नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेली आहे. असो.

आम्ही फोन घरीच ठेवून गेलो होतो, कारण आत नेऊ देत नाहीत. हातात ही जाड फाईल. घराचे कागद, पेन्शनचे कागद, जावयाचे पत्र, त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या. खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी. माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने फाईलकडे पाहिलेही नाही. संभाषण इंग्रजीत झाले, ते मराठीत सांगतो.

"कशासाठी जाताय?"

"पर्यटन."

"काय पाहणार?"

"नायगारा. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी."

"केव्हा?"

"जानेवारीच्या शेवटी. फेब्रुवारीत पंधरा दिवस."

"फेब्रुवारीत नायगारा?" असे म्हणून त्याने पहिल्यांदा मान वर केली. त्या दिवसांत तिथे सगळीकडे बर्फ असतो, धबधब्याजवळच्या बोटीसुद्धा बंद असतात, हे मला नंतर कळले. त्याला ते माहीत असणारच.

"अमेरिकेत तुमचे कोण आहे?"

"मुलगी आणि जावई."

"त्यांना मुले?"

"नाही," मी म्हणालो.

मंडळी, हे माझे उत्तर शब्दाला शब्द खरे होते. त्या दिवशी त्यांना मूल नव्हतेच. आणि तरीही ते खोटे होते. हे मला कळत होते, त्या मुलाला कळले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला तर ते सहनच झाले नाही. त्याने तिच्याकडे पाहून पुन्हा विचारले, "मुले?" आणि ही पाठ केलेले सगळे इंग्रजी विसरून म्हणाली, "इन फेब्रुवारी, सर."

तो काही बोलला नाही. रागावलाही नाही. थोडे टाईप केले, आणि पासपोर्टांबरोबर एक छापील कागद सरकवला. कलम २१४ (बी) खाली तुम्ही पात्र ठरत नाही, असा त्याचा मतितार्थ. सगळे मिळून दोन मिनिटे.

बाहेर आल्यावर रिक्षात बसताना मी सौ.ला म्हणालो, "तुला कोणी मध्ये बोलायला सांगितलं होतं?" आज नऊ वर्षांनंतरही ते वाक्य मला परत घेता आलेले नाही. ती काही बोलली नाही. घरी येऊन मुलीला फोन तिनेच केला. "आमचं नाही झालं गं," एवढेच म्हणाली. आळिवाची पुडी कपाटात अगदी मागे ठेवून दिली.

फेब्रुवारीत नात झाली. आम्ही तिला फोनच्या पडद्यावर पाहिले. एडिसनला मुलीच्या शेजारच्या इमारतीत एक तेलुगू आजी आल्या होत्या, आपल्याच लेकीकडे. त्यांनी आमच्या मुलीला दोन आठवडे शुंठीची पूड घालून गरम भात आणून दिला. ना नात्याच्या, ना भाषेच्या. गावाचे नाव विचारले तेव्हा म्हणाल्या, "हैदराबाद." सौ. अजून त्यांना दर उगादीला फोन करते.

तेव्हा मनात आले की मी त्या खिडकीपाशी उभा राहून, सत्य लपवून, काय वाचवत होतो? जे वाचवायचे होते तेच गेले.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. चष्मा लावून अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावरचे नियम ओळीने वाचले. हिशेबनीस माणूस आहे, नियम वाचायची सवय होती. फक्त ती दुसऱ्याच्या कामासाठी वापरली होती. जे समजले ते तुम्हाला थोडक्यात सांगतो.

पहिले म्हणजे ते २१४ (बी). हा अमेरिकेच्या १९५२ सालच्या इमिग्रेशन कायद्यातला भाग आहे. आपल्याकडे कोर्टात आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरतात. इथे उलटे आहे. काही थोडे वर्ग सोडले तर व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे, असे कायदा धरून चालतो. 'नाही, मी परत येणार आहे' हे पटवून देण्याची जबाबदारी आपली. तेव्हा नकार मिळाला म्हणजे आपला अपमान झाला, आपल्याला चोर ठरवले, असे समजायचे कारण नाही. गृहीतच तसे आहे, आणि ते राजालाही आहे आणि रंकालाही.

या नकारावर अपील नाही. पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नाही. फी मात्र पुन्हा भरायची, पहिली परत मिळत नाही. तेव्हा ती माणशी १६० डॉलर होती. दुसऱ्या खेपेला आमचे दोघांचे मिळून वीस हजारांवर रुपये पुन्हा गेले. १७ जून २०२३ पासून ती १८५ डॉलर झाली आहे. शिवाय जुलै २०२५ च्या नव्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या एका फीची तरतूद केली आहे. म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवशीची रक्कम सरकारी संकेतस्थळावर पाहा. शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय भरले यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट कागदांची. आमची ती जाड फाईल आठवते ना? नियमात स्पष्ट लिहिले आहे की व्हिजिटर व्हिसासाठी निमंत्रणाचे पत्र किंवा मुलाने दिलेले खर्चाचे हमीपत्र लागत नाही. तिथे आपली स्वतःची परिस्थिती बघतात, जावयाची नाही. पासपोर्ट, फॉर्मची पावती, मुलाखतीचे पत्र ही मुख्य. बाकीचे जवळ असावे, मागितले तर द्यावे. आपण होऊन खिडकीत फाईल कोंबू नये. आणि खात्यात उसने पैसे भरून दाखवणे हा तर मूर्खपणा. ज्याने आयुष्यभर पेन्शनवर घर चालवले त्याच्या खात्यात एकदम दहा लाख आले, तर शंका येणार नाही तर काय होणार?

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट. २१४ (बी) चा नकार पुसता येतो. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली असे ठरले, तर त्या कायद्यात कायमची अपात्रता आहे. आमचे नशीब की मुलगी-जावई तिथे आहेत हे तरी फॉर्ममध्ये खरे लिहिले होते. कित्येक जण तेही लपवतात. फॉर्म कोणीही टाईप करून देवो, शेवटी 'हे सर्व खरे आहे' म्हणून तुमचे नाव जाते. फॉर्म भरायला कोणी मदत केली का, हेसुद्धा त्यात विचारले आहे. एजंट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जातो, उत्तर द्यायला आपण उरतो.

एप्रिल २०१७ मध्ये मी स्वतः फॉर्म भरला. तीन संध्याकाळी लागल्या. वीस मिनिटे हात थांबला की तो फॉर्म बंद पडतो, म्हणून सुरुवातीला येणारा अर्जाचा नंबर आधी वहीत लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करत जा. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी मागची बाजू आणि चष्म्याशिवाय. हा चष्म्याचा नियम १ नोव्हेंबर २०१६ पासून आला. पहिल्या वेळी चष्म्यातला फोटो नेऊन आमची एक फेरी फुकट गेली होती. अलीकडे, म्हणजे २०१९ पासून, गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या फेसबुकसारख्या खात्यांची नावेही विचारतात. आपण सकाळी 'सुप्रभात'चे फोटो पाठवतो, तेही खाते त्यात आले, बरं का!

'यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का?' या प्रश्नापाशी माझा हात थांबला. मन म्हणे, नाही लिहू. पण त्यांच्याकडे नोंद आहेच. 'होय' लिहिले. साल लिहिले. कारण लिहिले. हेतूच्या जागी लिहिले, मुलीला आणि नातीला भेटायला. मुक्काम चार महिने. पत्ता मुलीच्या घराचा. तिकिटाचा खर्च माझा, राहणे-जेवण मुलीकडे. सौ.ने शेजारी बसून प्रत्येक ओळ ऐकली, मग मी बटण दाबले.

दुसरी मुलाखत मेमध्ये. या वेळी अधिकारी बाई होत्या. आणखी एक शहाणपण आम्ही केले. मुलाखत इंग्रजीतच द्यावी लागते असे नाही. इथे हिंदी, तेलुगू चालते, मुंबईत मराठीही चालते. सौ.ने सांगितले, मी हिंदीत बोलते.

पहिलाच प्रश्न नेमका आला. "गेल्या वेळी पंधरा दिवस म्हणाला होतात. आता चार महिने. का?"

मी म्हटले, "गेल्या वेळी दुसऱ्याने सांगितले ते मी सांगितले. ते चूक होते. मुलीला बाळ होणार होते म्हणूनच जायचे होते. आता नात तीन महिन्यांची झाली आहे, तिला पाहायला जायचे आहे."

बाईंनी सौ.कडे पाहिले. "परत कधी येणार?"

आमच्या सौ.ची हिंदी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, अर्धी सोलापूरची आणि अर्धी चारमिनारची. म्हणाली, "दिवाली के पहले आना हैच मॅडम. सास अठ्ठ्यांशी की है. देवर के पास छोड के जा रे. मेरे बिना उनका चलता नहीं."

बाई हसल्या. त्यांनी माझ्या पेन्शनबद्दल एक प्रश्न विचारला, घर स्वतःचे का म्हणून दुसरा. पासपोर्ट ठेवून घेतले. तीन मिनिटे. फाईल या वेळीही कोणी उघडली नाही.

बघा, मी आयुष्यभर कागदांवर विश्वास ठेवला. पण परत येण्याचा पुरावा म्हणून जे चालले ते माझ्या आईचे वय आणि माझ्या बायकोचे तिच्याशी असलेले नाते. ते कुठल्या फाईलीत नव्हते. ते फक्त खरे होते. खरे बोलले म्हणजे व्हिसा मिळतोच असे मात्र मी म्हणणार नाही. खरे बोलूनही नकार मिळालेले लोक आहेत. पण खऱ्याला एक सोय आहे, ते पाठ करावे लागत नाही, आणि नवरा-बायकोला वेगवेगळे विचारले तरी उत्तर एकच येते.

चिलकूरला जाऊन एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या. पाय दुखले. सौ. म्हणाली, "देवानं पहिल्या वेळीही ऐकलं होतं हो. तुम्हीच खिडकीत बोलला नाहीत." यावर मी काय बोलणार?

आता व्हिसा मिळाल्यावरची एक गोष्ट. इथे भले भले चुकतात. आपल्याला साधारणपणे दहा वर्षांचा, कितीही वेळा जाण्याचा व्हिसा देतात. त्याचा अर्थ दहा वर्षे राहा असा नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाऊन कडी वाजवण्याची परवानगी. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवस, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तो जी तारीख देतो ती आय-९४ नावाच्या नोंदीत असते. व्हिजिटरला बहुधा सहा महिने मिळतात. ही नोंद आता संगणकावर असते. पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत मुलांना ती काढून दाखवायला सांगा आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ व्हिसावरची तारीख पाहून निश्चिंत होते. आय-९४ ची तारीख उलटून दोन महिने जास्त राहिले. दुष्ट हेतू काही नव्हता, सुनेला बरे नव्हते. पण तारीख ओलांडली की तो व्हिसा कायद्यानेच रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडले तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे परत प्रवेशाला बंदी. खरोखरच अडचण आली तर तारीख संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज करता येतो. संपल्यावर रडून उपयोग नाही. आणि या व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

न्यूअर्कच्या विमानतळावर आम्हाला विचारले, खाण्याचे काय आणले? सौ.ने न विचारता पिशवी उघडून दाखवली. डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, मेतकूट. त्याने एक डबा उघडून वास घेतला आणि 'ओके' म्हणून झाकण लावले. तिथेही नियम तोच, विचारतील ते सांगा. फळे, भाज्या, बियाणे, मांस यांचे नियम कडक आहेत. लपवले आणि सापडले तर दंड होतो, सांगितले आणि चालणारे नसले तर बहुधा फक्त टाकून देतात.

औषधे मुदतीपुरती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. प्रवासाचा आरोग्य विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण त्याशिवाय जाऊ नका. तिथे साध्या पडण्याझडण्याचे बिल आपल्या पेन्शनच्या आवाक्याबाहेर जाते. पॉलिसी घेताना आधीपासूनचे बीपी, साखर यांचे काय, एवढे मात्र वाचून घ्या.

नात चार महिन्यांची झाली तेव्हा आम्ही पोहोचलो. दारात मुलगी तिला घेऊन उभी होती. त्याबद्दल जास्त बोलत नाही. त्या वर्षी २५ ऑगस्टला गणपती बसले, ते एडिसनच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मंडळाचा गणपती माझ्या हिशेबी तेवढा एकच चुकला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत आलो. सोलापूरहून आईला घेऊन आलो आणि दिवाळी घरी केली. म्हणजे सौ.ने त्या बाईंना सांगितले होते ते पुरे केले. पुढे आणखी दोनदा जाऊन आलो, कोणी अडवले नाही.

आताचे दोन बदल सांगून संपवतो. एक, मुलाखतीच्या तारखा. कोविडनंतर २०२२ मध्ये काही ठिकाणी पहिल्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून जास्त थांबावे लागत होते. तेव्हा बाळंतपणाची बातमी आल्यावर नव्हे, लग्नाची पत्रिका छापली तेव्हाच अर्ज करा असे मी गमतीने सांगतो. पण खरेच, लवकर करा. दोन, पूर्वी ७९ वर्षांवरच्या मंडळींना मुलाखतीतून सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सरसकट सूट राहिली नाही. तेव्हा 'आजोबांना जावे लागत नाही' या जुन्या माहितीवर राहू नका. असले नियम वरचेवर बदलतात. म्हणून माझे हे भाषणही जपून ठेवून चार वर्षांनी वापरू नका, संकेतस्थळ पाहा. अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळाच्या नावाशेवटी 'डॉट गव्ह' असते. तसेच दिसणारे आणि फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारे पुष्कळ आहेत.

आपण सगळे आपापले गाव सोडून इथे आलो. इथल्या लोकांनी आपल्याला कधी परके म्हटले नाही. आता आपली मुले आणखी पुढे गेली आहेत. त्यांच्याकडे जायला खिडकीतून परवानगी मागावी लागते. ती ताठ मानेने मागावी. आपण काही चोरायला जात नाही, नातवंडांना भेटायला जातो. मग ते लपवायचे कशाला?

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या ग्रंथालयात बसतो. फॉर्म घेऊन या. मोबदला एक कप चहा. अट एकच, नवरा-बायको दोघांनी मिळून यायचे. आणि बाई काही बोलू लागल्या तर गृहस्थांनी "तुला यातलं कळत नाही" असे म्हणायचे नाही. ते वाक्य मला फार महाग पडले आहे.